जुलैत श्रीलंका? खुशाल जा

"जून-जुलैत तिकडे धो धो पाऊस, तिकिटं काढूच नका" असं श्रीलंकेबद्दल बरेच जण सांगतात, ते अर्धंच खरं आहे. कोलंबो, गॉल, मिरिस्सा या बाजूला मे ते सप्टेंबर नैऋत्य मोसमी पाऊस असतो, मान्य, पण मधल्या डोंगरांच्या पलीकडे पूर्व किनारा तेव्हा बऱ्यापैकी कोरडा असतो, आपल्या महाबळेश्वर आणि माणदेशासारखंच, तिकडचा मुख्य पाऊस डिसेंबरच्या आसपास. त्यामुळे जुलैत त्रिंकोमाली, निलावेली, अरुगम बे करा आणि मिरिस्साचे व्हेल पुढच्या डिसेंबर-मार्चसाठी ठेवा, जुलैच्या सुमारास त्रिंकोमालीलाही व्हेल दिसतात म्हणा.

आणि सगळीकडे गाडी-ड्रायव्हर कशाला? मधल्या भागातल्या दांबुल्ला, हबराणाहून त्रिंकोमालीच्या बस मिळतात, कंडक्टर दारात लटकून गावाचं नाव ओरडत असतो, पाट्या इंग्रजीतही असतात. फक्त पुढची पहिली सीट रिकामी दिसली म्हणून टेकू नका, ती भिक्खूंसाठी राखीव असते, मधल्या स्टॉपला कुणी चढले की उठावंच लागतं. तारखा ठरवताना कॅलेंडरात पौर्णिमा पण बघा, दर पौर्णिमेला पोयाची (बौद्धांचा पवित्र दिवस) सरकारी सुट्टी, दारूविक्री बंद (काहींसाठी महत्त्वाचं!) आणि पोयाला जोडून वीकेंड आला तर ट्रेन-बसला बेक्कार गर्दी.