मदत हवी आहे: पर्सनल टॅक्स की कॉर्पोरेट टॅक्स? सोमवारी उत्तर द्यायचंय

घोडबंदरकर: दोन ऑफर आहेत. एक नौपाड्यातल्या सीए फर्मची, रिटर्न भरायचं काम. दुसरी ऐरोलीत, कंपनीच्या टॅक्स टीममध्ये. पगार जवळपास सारखाच. पुढे वाव कशात जास्त? 'आवडेल ते करा' हे कृपया नको.

टाचणी: शिक्षण? सीए इंटर झालंय का? आणि कंपनीत 'टॅक्स' म्हणजे टीडीएस (पैसे देतानाच कापून सरकारकडे भरायचा कर), जीएसटी की इन्कम टॅक्स?

घोडबंदरकर: एम.कॉम. टॅली येतं. लेटरवर 'एक्झिक्युटिव्ह टॅक्सेशन' एवढंच आहे.

लेजरकाका: मग डोळे मिटून फर्म घे. पगारदाराचं रिटर्न सोपं वाटतं, पण फॉर्म १६ (मालकाने दिलेला पगार-टीडीएसचा दाखला), २६एएस (खात्याकडची कापलेल्या कराची नोंद) आणि एआयएस (खात्याकडची वर्षभराच्या उत्पन्न-व्यवहारांची यादी) जुळेनात की खरं काम सुरू. वर्षात नोकरी बदललेल्याला दोन्हीकडे स्टँडर्ड डिडक्शन (पगारातून मिळणारी ठरावीक वजावट) आणि स्लॅबचा फायदा दिलेला असतो. बेरीज केली की कर निघतो आणि क्लायंट आपल्यावरच डाफरतो. शेअर विकले असतील तर लाँग टर्मला (वर्षाहून जास्त ठेवलेले) सव्वा लाखावरच्या नफ्याला साडेबारा टक्के, शॉर्ट टर्मला वीस. हे सगळं हातून जातं.

बेलापूर_लोकल: आणि जुलै संपला की माश्या मारा! कंपनीत दर महिन्याला ७ ला टीडीएस, ११ ला जीएसटीआर-१ (विक्रीचा तपशील), २० ला ३बी (जीएसटीचं गोषवारा रिटर्न, करासकट). जूनमध्ये कापलेला टीडीएस ७ जुलैऐवजी ८ ला भरला तर व्याज दीड नाही, तीन टक्के. महिन्याला दीड, कापल्यापासून मोजतात, महिन्याचा तुकडाही पूर्ण धरतात, म्हणजे जून आणि जुलै दोन्ही. ही शिस्त फर्ममध्ये लागत नाही.

लेजरकाका: माश्या? सप्टेंबरअखेर ऑडिट रिपोर्ट, ऑक्टोबरअखेर कंपन्यांची रिटर्न.

दिघा_स्लो: ठाण्याहून ऐरोली दुसरं स्टेशन, पण घोडबंदरहून ठाणे स्टेशन गाठणं हाच प्रवास आहे.

टाचणी: विषयावर या. बेलापूरवाले सांगतायत ते कॉर्पोरेट टॅक्स नव्हे, कम्प्लायन्स डेस्क आहे, म्हणजे तारखा पाळून भरणा करायचं काम. कॉर्पोरेट टॅक्स म्हणजे वर्षाच्या नफ्याचा अंदाज बांधून ॲडव्हान्स टॅक्स (जूनला १५ टक्के, सप्टेंबरपर्यंत ४५, डिसेंबरपर्यंत ७५, मार्चला पूर्ण), डिफर्ड टॅक्स (हिशेबातला नफा आणि कराचा नफा यांतल्या फरकामुळे पुढे ढकलला जाणारा कर), नोटिशीला उत्तर. एचआरला नाही, टीमच्या मॅनेजरला विचारा: कॉम्प्युटेशन (कंपनीच्या कराचं गणित) घरात बनतं की बाहेरचा सल्लागार करतो? टॅक्स ऑडिटचा डेटा कोण काढतं?

सीएमए_फॅन: दोन्ही सोडा, सीएमएला (कॉस्ट अकाउंटंटचा कोर्स) नाव घाला.

बेलापूर_लोकल: विचारलंय काय, सांगताय काय!

टाचणी: आणि कुठेही गेलात तरी १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू आहे. १९४सी, १९४जे ही टीडीएसची जुनी कलमं पाठ असल्याचा तोरा संपला. पगार सोडून बाकीचा टीडीएस कलम ३९३ मध्ये, तक्त्यांत. जुन्या वर्षांच्या केसेसना मात्र १९६१ चाच कायदा.

घोडबंदरकर: मॅनेजरशी बोलणं झालं. कॉम्प्युटेशन बाहेर होतं. माझ्याकडे टीडीएस आणि व्हेंडरचे पॅन तपासणं.

लेजरकाका: बघ! आता फर्मला विचार, ऑडिटला पाठवतात की बारा महिने नुसती रिटर्न?

घोडबंदरकर: ते विचारलंच नाही. उद्या फोन करतो.