ऑस्करचा अंदाज: बेस्ट पिक्चरला कुणाचं ऐकायचं?

मित्रांमध्ये ऑस्करची पैज लागलीये, प्रत्येक कॅटेगरीत एकच नाव द्यायचं, नंतर बदल नाही. ॲक्टिंग आणि डायरेक्टरचं मी सॅग (कलाकारांच्या संघटनेचे पुरस्कार), बाफ्टा (ब्रिटिश ॲकॅडमीचे), डीजीए (दिग्दर्शकांच्या संघटनेचे) बघून जमवतो, तिथे फारसं अडत नाही. घोळ होतो तो बेस्ट पिक्चरला. तिथे मतं पसंतीक्रमाने मोजतात, म्हणजे बऱ्याच जणांचा दुसरा-तिसरा नंबर असलेला सिनेमाही वर सरकतो, म्हणून तसंच मोजणाऱ्या पीजीएवर (निर्मात्यांच्या संघटनेचा पुरस्कार) भरवसा ठेवला तर २०२० ला पीजीए, डीजीए दोन्ही '१९१७'ला आणि ऑस्कर नेलं 'पॅरासाइट'ने! (सॅगचं एन्सेम्बल, म्हणजे सिनेमातल्या कलाकारांना मिळून दिलेलं बक्षीस, त्यालाच होतं, मीच हलक्यात घेतलं.) बेटिंगचे भाव बघायचे नाहीत असं ठरलंय. मग पीजीए एकाला आणि सॅग एन्सेम्बल दुसऱ्याला गेलं तर तुम्ही कुणाचं नाव लिहिता, आणि का?