लॉक हाय म्हंजी पिस्तूल सेफ अन लोखंडी हाय म्हंजी मजबूत, हे डोक्यातून कधी जाणार?

माजलगावकर
आमच्या पाहुण्यातल्या एकाचा परवाना मंजूर झाला, कलेक्टर ऑफिसला दीड वर्ष चकरा मारल्यावर, अन आता घ्यायचं कोणतं म्हणून परवा पारावर बसलो होतो सात-आठ जण. तिथं जे ऐकलं त्यावरून लिहायलोय. एक जण म्हणला बाजूला लॉकचा खटका असलेलंच घे, बिनलॉकचं म्हंजी मरणाला आवतन. दुसरा म्हणला प्लास्टिकचं नको, मे महिन्यात गाडीत राहिलं तर वितळंल. अन तिसरा म्हणला मॅगझिन (गोळ्यांचा डबा) काढलं की झालं रिकामं, मग पोरानं हातात घेतलं तरी काय होत नाही.

तिसऱ्याचं आधी घेतो, कारण जीव ह्यातच जातो. मॅगझिन काढलं तरी चेंबरमधी, म्हंजी नळीच्या मागच्या घरात, एक राउंड (काडतूस) बसलेला असू शकतो, चाप ओढला की तो सुटतो. मॅगझिन काढल्यावर चाप चालूच नये अशी सोय काही पिस्तुलांत असते, ब्राउनिंग हाय-पॉवरला हाय, पण लई पिस्तुलांना नसते. मॅगझिन काढायचं, मग स्लाइड (वरचा सरकणारा भाग) मागं ओढायची, चेंबरमधी डोळ्यानं बघायचं, बोट घालून चाचपायचं, तवा म्हणायचं रिकामं.

आता लॉकचं. जो बिनलॉकच्या पिस्तुलाला भितो तोच माणूस रिव्हॉल्व्हर डोळे झाकून घेतो, अन रिव्हॉल्व्हरला बहुतेक वेळा बाजूला लॉक नसतंच! ग्लॉक ह्या पिस्तुलाला पण बाहेरचा खटका नाही, आत तीन सेफ्टी हायेत, चापावरची, फायरिंग पिनची (काडतुसावर आपटणारी सुई) अन खाली पडल्यावर सुटू नये म्हणून तिसरी. चाप ओढला जात नाही तोवर पिन अडवलेली. 9 एमएम आपल्याला परवान्यावर मिळत नाही, ती प्रतिबंधित बोर, म्हंजी सामान्य माणसाला बंदी असलेलं नळीचं माप, त्यामुळं ग्लॉक घ्या असं मी कुणाला सांगत नाही, फक्त सेफ्टी म्हंजी बाहेर दिसणारा खटका एवढंच नसतंय हे सांगायलोय. चाप झाकणारं कडक होल्स्टर अन चापापासून बाहेर ठेवलेलं बोट, खरी सेफ्टी ही हाय.

औसा_रोड
दादा मॅगझिनचं शंभर टक्के मान्य, पण लॉकचं अजिबात पटलं नाही. बोट बाहेर ठेवायची सवय लागते ती हजारो राउंड मारून. आपल्याकडं परवानाधारकाला वर्षाला मोजकी काडतुसं, त्यातली निम्मी कपाटात पडून, रेंज कुठं हाय ते निम्म्या लोकायला माहीत नाही. अशा माणसाला चुकीला जागा पाहिजे, ती जागा म्हंजी लॉक.

अन हे भित्र्या माणसाचं काम हाय असं समजू नका. 1911 हे कोल्टचं पिस्तूल, जॉन ब्राउनिंगचं डिझाइन, त्याला मुठीमागची सेफ्टी होतीच, अंगठ्याचं लॉक नंतर बसवलं ते घोडदळाच्या मागणीवरून, कारण घोडा उधळला तर एका हातात लगाम अन दुसऱ्या हातात हातोडा (पिस्तुलाचा घोडा) चढवलेलं पिस्तूल सांभाळायचं कसं. आता अलीकडचं बघा, 2017 ला अमेरिकेच्या लष्करानं नवं पिस्तूल घेतलं एम17, त्यालाही अंगठ्याचं लॉक हायच. एवढी प्रॅक्टिस करणारे लोक लॉक ठेवायलेत अन आपण गावात बसून म्हणायचं लॉकची गरज नाही?

निवृत्त_हवालदार_परभणी
दोघायचं वाचलं. नोकरीत आम्हाला जी रिव्हॉल्व्हर होती तिला लॉक नव्हतं, अन तीस वर्षांत माझ्या हातून एकदाही चुकून गोळी सुटली नाही, कारण उस्तादानं पहिल्या दिवशी बोटावर वेताची छडी मारली होती. पुढं लॉकवालं पिस्तूल आलं तवा रेंजवर आमचाच एक गडी लॉक काढायचं विसरला अन जोर लावून चाप दाबत राहिला, पिस्तूल खराब हाय म्हणून नळीकडून बघायला लागला. उस्तादानं मनगट धरलं म्हणून बरं. लॉकवर विसंबलेला माणूस दोन्हीकडून फसतो, लॉक लावलंय असं वाटतं तवा लावलेलं नसतं, अन काढलंय असं वाटतं तवा काढलेलं नसतं.

औसा_रोड, प्रॅक्टिस नाही म्हणून लॉक पाहिजे म्हणता, पण लॉक काढायची पण प्रॅक्टिसच लागते हो. रात्री दोनला कुत्री भुंकायली अन घामेजला हात, त्या वेळी अंगठा बरोबर खटक्यावर जाईल का, हे कपाटातल्या पिस्तुलावर कळत नाही.

गोदाकाठ
लॉकचं तुमचं चालू द्या, मी धातूवर बोलतो. आमच्या आजोबाची विलायती रिव्हॉल्व्हर हाय, वडलांची 70 पूर्ण झाली तवा वारसानं माझ्या नावावर झाली. पोलादी, वजनदार, आजपण ठणठणीत. प्लास्टिकचं कुणी पन्नास वर्षानी नातवाला देईल का? अन वजनदार असली की झटका कमी बसतो, हे तर शाळेत शिकल्यालं विज्ञान हाय. लोखंड ते लोखंड.

माजलगावकर
गोदाकाठ भाऊ, वजनाचं बरोबर बोललात, हलक्या हत्याराचा झटका हाताला जास्त लागतो. पण प्लास्टिक म्हणतो आपण ते मूठ अन सांगाड्याचं, नळी अन स्लाइड तिथंही पोलादीच असते. दाब पोलाद झेलतंय, पॉलिमर फक्त धरून ठेवतंय. पॉलिमरचं पहिलं पिस्तूल हेकलर अँड कॉखनं 1970 ला काढलं, ग्लॉक ऑस्ट्रियाच्या लष्करानं 1982 ला घेतलं, म्हंजी चाळीस वर्षं तर झालीच की. अन वितळायचं म्हणाल तर ते नायलॉनच्या जातीतलं, दोनशे अंशाच्या पुढं वितळतं. मे महिन्यात बंद गाडीत सत्तर-ऐंशी झाले तरी काही होत नाही. गाडीत ठेवायचंच नाही हे वेगळं, ते चोरीच्या भीतीनं. आणि मेटल डिटेक्टरला सापडत नाही ही अफवा पण ह्याच प्लास्टिक शब्दानं पसरली, एवढं पोलाद आत असल्यावर सापडणार नाही कसं.

लोखंड ते लोखंड म्हणता तर माझं ऐका. माझी स्टेनलेसची हाय. स्टेनलेस म्हंजी गंजतच नाही असं समजून मी निवांत होतो. 2024 ला लोकसभेच्या निवडणुकीला ठाण्यात जमा केली, मग विधानसभेला परत जमा केली, दोन्ही वेळा चामड्याच्या होल्स्टरमधीच दिली. दुसऱ्यांदा परत आली तवा मुठीजवळ अन घोड्याच्या खाली तांबूस डाग. ठाण्यातल्या लोकायचा दोष नाही, चूक माझी होती. घाम चामड्यात मुरतो, चामडं ओल धरून ठेवतं, अन स्टेनलेस गंजतं, फक्त उशिरा. तवापासून मी आधी पुसून, तेलाचा हात मारून, सुती कापडात गुंडाळून जमा करतो.

अन तुमच्या आजोबाच्या रिव्हॉल्व्हरबद्दल एक विचारतो, राग मानू नका. जुन्या लई रिव्हॉल्व्हरांत घोडा अन काडतूस यांच्या मधी अडवणारी पट्टी नसते. तसं असलं तर घोड्यावर आपटली की गोळी सुटू शकते. म्हणून जुने लोक घोड्याखालचं घर रिकामं ठेवायचे. तुमची कशी हाय ते जाणकार मिस्त्रीकडून बघून घेतलं का?

गोदाकाठ
नाही बघितलं. सहाही भरून ठेवतो आम्ही. वडील पण तसंच ठेवायचे.

जिंतूरची_लेक
दादा, आधी आजच एक घर रिकामं करा, बाकीचं नंतर.

मी वेगळं सांगते. 2014 ला कानपूरच्या कारखान्यातून बायकांसाठी म्हणून निर्भीक रिव्हॉल्व्हर आली, टायटॅनियमचा मिश्रधातू, वजन अर्धा किलो, किंमत सव्वा लाखाच्या जवळ. पर्समधी मावते एवढंच सगळे सांगत होते. हलकी म्हणून बायकांना सोपी, हा समज पुरुषायचा. हलकी असल्यावर झटका जास्त, अन रिव्हॉल्व्हरचा चाप जड, बोटात ताकद नसली की नेम हलतो. अन पर्समधी किल्ल्या, पेन, मोबाइल, त्यातलं काही चापात अडकलं तर? मला वडलांनी विचारलं होतं घ्यायची का, मी आधी दुसऱ्याची चालवून बघते म्हणाले अन शेवटी घेतलीच नाही.

अन घरात लहान लेकरं असताना लॉक का बिनलॉक हा वाद मला समजतच नाही. पाच वर्षांचं लेकरू मोबाइलचा पॅटर्न बघून उघडतंय, त्याला खटका सरकवायला कितीसा वेळ लागतो. उशीखाली ठेवायचं अन लॉकवर भरवसा टाकायचा, हे मी माझ्या माहेरी बघितलंय अन आईला रात्र रात्र झोप नसायची. भिंतीला किंवा फरशीला बोल्ट केलेली लोखंडी पेटी पाहिजे, चावी अंगावर.

औसा_रोड
ताई पेटीचं मान्य. पण कपाटात ठेवता-काढतानाच तर होतंय ना. ऑक्टोबर 2024 ला मुंबईत गोविंदाच्या पायात त्याच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी लागली, घरातच. लॉक असतं तर वाचला असता का नाही हे मी सांगू शकत नाही, पण एक अडसर जास्त असता एवढं तरी म्हणू द्या. मी लॉकवालंच घेणार अन माझ्या पोराला पण तेच सांगणार.

निवृत्त_हवालदार_परभणी
घ्या हो, नक्की घ्या, पण मग रोज रिकाम्या पिस्तुलावर लॉक काढायची अन लावायची पन्नास वेळा सवय करा. काडतुसं त्या खोलीतच ठेवू नका त्या वेळी.

गोदाकाठ
हवालदार साहेब, माजलगावकर, आत्ताच पेटी उघडून सहाही काढले. उद्या संभाजीनगरला जायलोय, तिथल्या मिस्त्रीला दाखवतो. वडलांना सांगितलं तर म्हणले तुझ्या आजोबाच्या वेळी पाचच भरायचे, सहावं मीच नंतर घालायला लागलो.