मायनिंगच्या खोलीला एसी नको, गरम हवा थेट बाहेर काढा

उष्णवारा (धागाकर्ता)

घरी बिटकॉइन मायनिंग (खास मशीनने सतत आकडेमोड करून बिटकॉइन कमावणं) सुरू करणाऱ्याला पहिला सल्ला मिळतो तो "खोलीला एसी बसवा". माझं मत याच्या अगदी उलट आहे.

मशीन जेवढी वीज खातं, तेवढ्या सगळ्या विजेची शेवटी उष्णताच होते. अँटमायनर एस१९ प्रो हे मायनिंगचं मशीन ३,२५० वॅट खातं. म्हणजे ताशी सुमारे ११,१०० बीटीयू (उष्णता मोजायचं एकक). एक टनाचा एसी १२,००० बीटीयूचा असतो, तेव्हा एका मशीनपायी एक एसी रात्रंदिवस जवळपास पूर्ण ताकदीने चालवावा लागेल. वर तो स्वतः आणखी हजारेक वॅट खाईल. घरातला एसी खोली गार झाली की थांबतो, दमानं चालतो. मशीनची उष्णता थांबतच नाही.

त्याऐवजी हवा हलवा. हिशेब सोपा आहे: वॅटला सेल्सिअसमधल्या तापमानवाढीने भागा आणि १.७६ ने गुणा, उत्तर सीएफएममध्ये (मिनिटाला किती घनफूट हवा) येतं. पण खरी गोम पुढे आहे. मशीनची गरम हवा खोलीत मिसळू दिलीत आणि खोली बाहेरपेक्षा ३ अंशांहून जास्त तापू नये अशी अपेक्षा ठेवलीत, तर एका मशीनला सुमारे १,९०० सीएफएम हवा लागते. तीच हवा मशीनच्या हवा सोडणाऱ्या तोंडाशीच डक्टमध्ये (हवेच्या नळीत) पकडली, तर १५ अंशांनी तापलेली ३८० सीएफएम हवा बाहेर टाकली की काम झालं. खोलीत फक्त बाहेरची ताजी हवा उरते. त्यामुळे खर्च करायचाच असेल तर तो मशीनच्या मागे बसणाऱ्या चौकटीवर आणि आखूड, रुंद डक्टवर करा. वळणावळणाचा लवचिक डक्ट पंख्याचा निम्मा जोर खाऊन टाकू शकतो. आत येणाऱ्या हवेची वाट बाहेर जाणाऱ्या वाटेपेक्षा मोठी ठेवा, कारण लोक एक्झॉस्ट लावतात आणि दार घट्ट बंद करून बसतात, मग आत हवा येणार कुठून?

बंदखिडकी

असहमत. तुमचं सगळं गणित बाहेरची हवा चांगली आहे असं धरून चाललंय. या मशीनला ४० अंशांपर्यंतचीच हवा चालते. बाहेर ४३ असेल तर तुमचा डक्ट काय करणार? आत येणारी हवाच मर्यादेबाहेरची.

दुसरं म्हणजे धूळ. ताशी शेकडो घनमीटर हवा ओढणार म्हणजे तेवढी धूळही ओढणार. ती हीटसिंकच्या (चिपची उष्णता काढून घेणाऱ्या धातूच्या) पात्यांत बसते, दमट दिवसांत ओली होते आणि बोर्डावर थर धरते. समुद्राकाठी तर मीठही येतं, गंज लागतो. बंद खोली आणि एसी असेल तर तीच स्वच्छ हवा फिरत राहते. वीज जास्त जाते हे मान्य, पण मशीनचं आयुष्य हाही खर्चच आहे. मशीनमधल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर या भागाच्या बाबतीत तर ठोकळ नियम असा की तापमान १० अंशांनी उतरलं की आयुष्य साधारण दुप्पट होतं.

उष्णवारा

धुळीचा मुद्दा रास्त आहे, पण त्यासाठी खोली बंद करायची गरज नाही. फिल्टर लावून पंख्याने हवा आत ढकला, खोलीत दाब किंचित जास्त राहू द्या. मग फटींतून हवा बाहेर जाते, धूळ आत येत नाही. फिल्टर मात्र मोठ्या क्षेत्रफळाचा हवा. छोट्या जाळीतून जोरात ओढलेली हवा धूळ सोबत घेऊनच येते.

४३ अंशांचे तास दिवसात मोजकेच असतात, त्या वेळी चिपची फ्रिक्वेन्सी (कामाचा वेग) उतरवा किंवा मशीन थांबवा. एसीचा बाहेरचा भागसुद्धा त्याच ४३ अंशांत धापा टाकत असतो, हे विसरू नका.

आणि बंद खोलीचा खरा धोका सांगतो. ३० घनमीटरच्या खोलीत ३,२५० वॅटचं एक मशीन चालू आहे आणि एसी बंद पडला. नुसत्या हवेचा हिशेब केला तर दर ११ सेकंदांना १ अंश वाढतो. भिंती काही उष्णता शोषतात म्हणून प्रत्यक्षात वेग कमी राहील, पण तुमच्या हातात मिनिटंच असतात.

बंदखिडकी

तापमान वाढलं की वीज तोडणारा रिले बसवा, प्रश्न मिटला. तुमचा एक्झॉस्ट पंखा बंद पडला तर काय होणार, तेही सांगा.

उष्णवारा

मशीनचे स्वतःचे पंखे चालूच असतात. डक्ट आखूड असेल तर तेच हवा बाहेर ढकलतात, जोर कमी पडेल इतकंच. रिले मात्र दोन्ही पद्धतींत हवाच, त्यावर वाद नाही.

कोरडीहवा

दोघंही टोकाला गेलात. हवा कोरडी असेल तर पाण्याचा कूलर सगळ्यांत शहाणा उपाय. १ लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे ०.६८ युनिट उष्णता शोषली जाते. आत येणारी हवा आधी गवताच्या किंवा मधुकोशी पॅडमधून घ्या, ४३ ची बरीच खाली येते.

बंदखिडकी

आणि हवा दमट असेल तर? पॅड ओलं राहणार, तापमान उतरणार नाही, मशीनला ओलावा मिळणार तो वेगळाच. वर पॅडमधल्या पाण्यातले क्षार साठत जातात, ते कोण साफ करणार?

कोरडीहवा

म्हणूनच "कोरडी असेल तर" म्हटलं. आणि कूलर बंद खोलीत कधीच नाही, हवा बाहेर जायला मोकळी वाट हवीच.

सुरक्षाआधी

एक गोष्ट कुणीच बोललं नाही. घरात गॅस गीझर किंवा चिमणीतून धूर बाहेर सोडणारं कुठलंही उपकरण असेल आणि तुम्ही जोरदार एक्झॉस्ट लावून घरातली हवा ओढलीत, तर त्याचा धूर उलटा घरात येऊ शकतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. मायनिंगच्या खोलीला बाहेरून हवा येण्याची स्वतंत्र वाट द्या आणि घरात डिटेक्टर लावा. वायरिंगही आधी तपासा: सतत चालणारा लोड सर्किटच्या क्षमतेच्या ८० टक्क्यांच्या आत ठेवावा.

उष्णवारा

हे मूळ लेखातच यायला हवं इतकं महत्त्वाचं आहे. पंख्याने हवा आत ढकलण्याच्या बाजूने मी आहे, त्याचं हेही एक कारण.

कमीव्होल्ट

थंड कसं करायचं यावर इतकं भांडण, पण तापवायचं कमी करा असं कुणी म्हणत नाही. चिपची वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात आणि फ्रिक्वेन्सीच्या प्रमाणात बदलते. दोन्ही थोडे उतरवले की वीज हॅशरेटपेक्षा (मशीनच्या आकडेमोडीच्या वेगापेक्षा) बरीच जास्त घटते. पंख्याचंही तसंच, वेग २० टक्क्यांनी कमी केला तर त्याची वीज जवळपास निम्मी होते. आवाजही खाली येतो. शेजारच्या खोलीत कुणी झोपत असेल तर ७५ डेसिबल म्हणजे काय, ते त्यांना विचारा.

तेलटाकी

आवाजाचाच प्रश्न असेल तर मशीन डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणाऱ्या) तेलात बुडवा. पंखे निघतात, धूळ लागत नाही.

बंदखिडकी

तेलातली उष्णता रेडिएटरनेच बाहेर टाकायची ना? गळती झाली, पंप अडकला, तर घरात ते निस्तरायचं कुणी? आणि कमीव्होल्ट, तुमचं म्हणणं ऐकायला छान आहे, पण एप्रिल २०२४ च्या हाल्व्हिंगनंतर (मायनिंगचं बक्षीस निम्मं झाल्यावर) एका ब्लॉकमागे (व्यवहारांच्या एका गठ्ठ्यामागे) ३.१२५ बिटकॉइनच मिळतात. हॅशरेट उतरवून मशीनची किंमत वसूल कधी होणार?

कमीव्होल्ट

बक्षीस निम्मं झालं म्हणूनच प्रत्येक हॅशमागची वीज कमी करायची. तुमच्या एसीचे हजार वॅट त्याच हिशेबात धरा, मग बोलू.

बंदखिडकी

धरलेत. तरीही वर्षातले चार-पाच महिने धूळ आणि दमटपणा असतो तिथं मी खोली उघडणार नाही. दोन नळ्यांचा किंवा स्प्लिट एसीच घ्यावा, एवढं मात्र सांगतो. एका नळीचा पोर्टेबल एसी खोलीतली गार हवाच बाहेर फेकतो आणि फटींतून गरम हवा आत खेचतो.

उष्णवारा

त्या शेवटच्या वाक्याशी पूर्ण सहमत. बाकी आपापल्या खोलीत मोजून बघा. एक थर्मामीटर बाहेर सावलीत, दुसरा मशीनच्या हवा घेणाऱ्या तोंडाशी. एसी किंवा पॅड नसताना दोघांत २-३ अंशांहून जास्त फरक दिसला, तर गरम हवा कुठून तरी परत फिरतेय. आधी ती फट बुजवा, पंखा मोठा घ्यायचा की नाही ते मग ठरवा.