माशांच्या टाकीखालचा स्टँड: पाणसळ आधी, पाणी नंतर

चार फूट लांब, दीड फूट रुंद, दोन फूट उंच माशांची काचेची टाकी जुन्या स्टडी टेबलवर ठेवू का, असं तुम्ही विचारलंय. कृपया नको. हिशोब करा: 12 घनफूट म्हणजे काठोकाठ साधारण 340 लिटर, म्हणजे 340 किलो नुसतं पाणी. काच, वाळू, दगड धरले की सव्वाचारशेच्या पुढे जातं. आणि हे वजन दिवसरात्र तिथेच राहणार. अशा टेबलांचा पार्टिकल बोर्ड (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) ओल लागली की फुगतो, मग स्क्रू धरत नाहीत.

त्यापेक्षा दीड इंची चौकोनी लोखंडी पाईपचा स्टँड उत्तम. फक्त आडवे पाईप पायांच्या माथ्यावर टेकलेले हवेत, बाजूला नुसते वेल्डिंगने चिकटवलेले नकोत. वरच्या बाजूचं वेल्डिंग ग्राइंडरने सपाट करून घ्या. माझ्या पहिल्या स्टँडवर वेल्डिंगचा तांदळाच्या दाण्याएवढा एक थेंब राहिला होता. तळाच्या काचेला नेमकी तिथूनच चीर गेली.

त्यावर 18 मिमी मरीन प्लाय (पाण्यात टिकणारं प्लायवूड), मग थर्माकोल. पण थर्माकोल बारीक खडबड सामावतो, उतार नाही. (टाकीच्या तळाला प्लास्टिकची चौकट असेल तर थर्माकोलही नको.) पाणसळ (सपाटी तपासायची बुडबुड्याची पट्टी) लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर लावा. फरक निघाला तर पत्र्याची चकती पायाखाली सारा, काचेखाली कधीच नाही.

आधी अर्धीच टाकी भरा. चारही कोपऱ्यांत काठापासून पाण्यापर्यंतचं अंतर मोजा, दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा. जागा भिंतीलगत, खाली बीम असेल तिथे. बाल्कनीत अजिबात नको.