अल्बिनिझम: लेकीचे डोळे निळसर-करडे आहेत, पुढे काळे होतील का? (मदत हवी आहे)

तिचा_बाबा

नमस्कार. बरीच वर्षं इथे नुसता वाचक आहे, लिहितोय पहिल्यांदाच. चुकलं तर सांभाळून घ्या.

आमची लेक साडेचार महिन्यांची आहे. मी आणि बायको सोलापूरकडचे, दोघंही चांगले सावळे. लेक जन्मली ती पांढरीफटक. केस मक्याच्या कणसाला असतात तसे, पापण्याही त्याच रंगाच्या. बारशाला बायका म्हणाल्या, "घारी आहे गं, कोकणस्थांच्या घरात खपून जाईल." खोटं कशाला बोलू, तेव्हा आम्हालाही गंमतच वाटली.

दोनेक महिन्यांनी लक्षात आलं की तिचे डोळे एका जागी ठरतच नाहीत. सारखे इकडून तिकडे हलतात. अंगणात नेलं की घट्ट मिटून घेते. बालरोगतज्ज्ञांनी बघितलं, "अल्बिनिझम आहे, डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा" एवढंच म्हणाले आणि पुढचा पेशंट आत बोलावला. डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ पुढच्या आठवड्यातली मिळाली आहे. तोवर डोक्यात नुसता भुंगा.

अल्बिनिझम म्हणजे जन्मतःच अंगात रंगद्रव्य कमी, एवढं कळलं. पण मी ऐकलं होतं की अल्बिनो म्हणजे लाल डोळे, शाळेतल्या पांढऱ्या सशासारखे. हिचे तर निळसर-करडे आहेत. मग निदान चुकलं असेल का? बाळांच्या डोळ्यांचा रंग नंतर बदलतो म्हणतात, तसे हिचे काळे होतील का? आणि तिला दिसतं का? ती आमच्या तोंडाकडे नीट बघत नाही. बायको याच एका गोष्टीने रोज रडते.

सुलूमावशी

बाळाला अनेक आशीर्वाद. आमच्या शेजारच्यांकडे एकाला असंच होतं, त्याला कोड म्हणायचे. दिवस असताना ग्रहण पाळलं होतं ना?

चष्मेवाला

मावशी, रागावू नका, पण ग्रहणाचा इथे काही संबंध नाही. आणि हे कोडही नव्हे. कोड नंतर येतं, चट्ट्याचट्ट्यांनी. हे जन्मतःच असतं आणि डोळ्यांसकट असतं.

बाबा, मी डॉक्टर नाही, ऑप्टोमेट्रिस्ट आहे. रोज डोळे तपासतो, अशी मुलं अधूनमधून येतात. निदान तुमचे डॉक्टरच करतील, मी फक्त रंगाचं कोडं सोडवायचा प्रयत्न करतो.

लाल डोळ्यांचं आधी डोक्यातून काढा. अल्बिनिझम असलेल्या बहुतेक माणसांचे डोळे निळे, करडे, घारे, कधी चक्क तपकिरी असतात. निळा रंग म्हणून डोळ्यात काही भरलेलं नसतं. डोळ्यात रंगद्रव्य एकच, मेलॅनिन, आणि ते तपकिरी-काळं. बाहुलीभोवतीचं जे रंगीत कडं आपण बघतो त्याला दोन थर असतात. पुढच्या थरात मेलॅनिन भरपूर असेल तर डोळे काळे दिसतात. कमी असेल तर तिथे प्रकाश विखुरतो आणि डोळे निळसर दिसतात, आकाश निळं दिसतं साधारण तसंच.

खरी गोम मागच्या थरात आहे. तो म्हणजे या कड्याचं काळं अस्तर. तुमच्या बारशाला आलेल्या बायका ज्यांना घारे म्हणतात त्या लोकांचा पुढचा थर फिका असतो, पण अस्तर शाबूत असतं. म्हणून त्यांना बाहुलीतून शिरेल तेवढाच उजेड सोसावा लागतो. अल्बिनिझममध्ये अस्तरही विरळ असतं. उजेड बाहुलीतून तर येतोच, शिवाय सगळ्या कड्यातून गाळून आत येतो. तुमची लेक अंगणात डोळे मिटते ते यामुळे. तोच उजेड आतल्या रक्तवाहिन्यांवरून परतला की विशिष्ट कोनातून डोळा गुलाबी किंवा जांभळट दिसतो. लाल डोळ्यांची दंतकथा बहुधा तिथूनच निघाली. तपासणीत डॉक्टर बारीक झोत टाकून हेच बघतील, कडं किती ठिकाणी उजळतं ते.

पुढे काळे होतील का? आपल्याकडे फिक्या डोळ्यांनी जन्मलेलं बाळ पहिल्या वर्षात काळसर डोळ्यांचं होतं, कारण मेलॅनिन हळूहळू साठत जातं. इथे ते बनवण्याच्या कामातच खोट आहे. मेलॅनिन बनवायला लागणारं टायरोसिनेज नावाचं एन्झाइम पूर्ण निकामी असेल तर केस, कातडी, डोळे आयुष्यभर तसेच फिके राहतात. ते थोडंफार चालत असेल, किंवा दोष दुसऱ्या जनुकात असेल, तर काही वर्षांत केस सोनेरी-तांबूस होतात, डोळेही गडद होऊ शकतात. तुमच्या लेकीचा प्रकार कोणता ते नुसतं बघून सांगता येत नाही, जनुकीय तपासणीत कळू शकतं.

पण रंग गडद झाला म्हणजे नजर सुधारली असं नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो. डोळ्याच्या पडद्यावर बारीक बघण्याचा जो मध्यबिंदू असतो तो मेलॅनिनअभावी पुरता घडत नाही, आणि डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या तंतूंची वाटही जरा बदलते. म्हणून चष्म्याने फरक पडतो, पण नजर सहसा पूर्ण ६/६ होत नाही. वहिनींना मात्र सांगा, या बाळांची नजर उशिरा जागी होते. तोंडाकडे न बघणारी मुलं पुढच्या काही महिन्यांत बघायला लागतात. डोळ्यांचं हलणंही वयाबरोबर बरंच कमी होतं. डॉक्टर थेंब टाकून नंबर काढतील. नंबर मोठा निघाला तर एवढ्या लहान बाळालाही चष्मा देतात, दचकू नका.

एक विचारायचं राहिलं. अंगावर सहज काळेनिळे डाग उठतात का, कुठून रक्त आलं की लवकर थांबत नाही का, वारंवार जंतुसंसर्ग होतो का? तसं असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. अल्बिनिझमचे काही दुर्मीळ प्रकार या गोष्टी घेऊन येतात.

तिचा_बाबा

तसं काही नाही. तुमचं वाचून काल संध्याकाळी खिडकीशी तिला आडवं धरून बघितलं. उन्हाची तिरीप गालावर होती आणि डोळ्याचं कडं कडेने चक्क जांभळट पेटल्यासारखं दिसलं. एक सेकंदभर. मग तिने तोंड फिरवलं. साडेचार महिने हे माझ्या डोळ्यासमोर होतं.

अजून एक, विचारायला जड जातंय. बायको माझ्या मामाची मुलगी. आई म्हणते सुनेकडून आलं, सासू म्हणते जावयाकडून.

चष्मेवाला

दोघीही अर्ध्या बरोबर. या प्रकारात जनुकाची एक बिघडलेली प्रत आईकडून आणि एक बापाकडून यावी लागते. एकच असेल तर काही दिसत नाही, तुम्हा दोघांचं तेच आहे. अशी एखादी प्रत पिढ्यान्‌पिढ्या घरात गुपचूप फिरते आणि नात्यात लग्न झालं की दोन प्रती एकत्र येण्याची शक्यता वाढते. पण नात्याबाहेर लग्न केलेल्यांच्या घरीही अशी मुलं होतात. पुढच्या प्रत्येक गर्भाला शक्यता २५ टक्के. दुसऱ्या बाळाचा विचार असेल तर आधी जनुकीय सल्ला घ्या.

भुऱ्या

मला अल्बिनिझम आहे, वय ३६, पुण्यात नोकरी करतो. माझे डोळे करडे. रिक्षावाले "व्हेअर गो, सर?" विचारतात, मी "मंडईला सोडा, मीटरनेच" म्हटलं की बघत राहतात.

मान थोडी डावीकडे वळवली की माझे डोळे बऱ्यापैकी स्थिर होतात आणि अक्षर स्पष्ट दिसतं. चौथीतले गुरुजी दर तासाला हनुवटी धरून माझी मान सरळ करायचे, आणि फळा गायब व्हायचा. तुमची लेक पुढे मान वाकडी करून बघायला लागली तर ती सरळ करू नका, आणि शाळेत बाईंनाही आधीच सांगून ठेवा. पहिला बाक, मोठं अक्षर, खिडकीकडे पाठ. मी फळा वाचायला एकडोळी दुर्बीण वापरायचो, पोरं रांग लावायची तीतून बघायला. हुशारीत या मुलांना काही कमी नसतं. नजर नीट मोजता येण्याइतकी मोठी झाली की अपंगत्व प्रमाणपत्राचं विचारा. २०१६ च्या कायद्यात अल्पदृष्टी वेगळी धरली आहे, परीक्षेत जादा वेळ मागायला ते प्रमाणपत्र कामी येतं.

कातडीला जपा. सोलापूरचं ऊन काही गमतीचं नाही. सहा महिन्यांपर्यंत सनस्क्रीन नको, सावली आणि अंगभर सुती कपडे. त्यानंतरचं डॉक्टरांना विचारून.

तिचा_बाबा

सगळ्यांचे आभार. बायकोला वाचून दाखवलं. "उशिरा जागी होते" तिने दोनदा वाचायला लावलं.

आता एक अगदी साधा प्रश्न. कडेची टोपी आणली आहे, पण ती दोन मिनिटांत ओढून फेकते. काय करायचं?

सुलूमावशी

टोपी कशाला, कुंची शिवा. मलमलची, गरम होणार नाही. गळ्याशी बांधायचे बंद असतात, पण ते आवळू नका. कपाळावरची झालर नेहमीपेक्षा दोन बोटं जास्त ठेवायची म्हणजे डोळ्यांवर सावली पडेल. तुमच्या आईंना येत असेल शिवायला. त्यांनाच सांगा, आणि तुमच्या सासूबाईंना काजं करायला बसवा.