सभासद-व्यवस्थापन सॉफ्टवेअर: सोय नक्की कुणाची?

माजी_कार्यवाह

सहा वर्षं एका व्यावसायिक संघटनेचं कार्यवाहपद सांभाळून नुकताच मोकळा झालोय, म्हणून जरा स्पष्ट लिहितो. सभासद साधारण नऊशे. मी आलो तेव्हा त्यांची नोंद तीन ठिकाणी होती: खजिनदारांची एक्सेल फाइल, आधीच्या कार्यवाहांची वही आणि कार्यक्रम समितीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. तिन्हींचा आकडा एकदाही जुळला नाही. एका बाईंना वर्गणी भरल्यावरही तीनदा थकबाकीचं पत्र गेलं. चौथ्या पत्राला उत्तर म्हणून त्यांनी पावतीची झेरॉक्स आणि राजीनामा एकाच पाकिटात पाठवला.

मग सॉफ्टवेअर घेतलं. मुदत संपायच्या साठ, तीस आणि सात दिवस आधी आपोआप आठवण जाते. पैसे जमा झाले की लगेच पावती. पत्ता बदलला तर सभासद स्वतःच दुरुस्त करतो. आणि सर्वात मोठी गोष्ट म्हणजे सर्वसाधारण सभेत मतदानाला पात्र कोण, ही यादी मिनिटभरात निघते. पूर्वी त्या यादीवरून सभा सुरू होण्याआधीच बाह्या सरसावल्या जायच्या.

माझं मत: दोनशेच्या वर सभासद असतील आणि तरीही संघटना हे करत नसेल, तर ती सभासदांची हेळसांड आहे. या आता मैदानात.

खातेवही

आलो. तुम्ही सांगितलेले फायदे पुन्हा वाचा. आठवण, पावती, यादी. सगळी कार्यकारिणीची सोय. पत्ता दुरुस्त करायचं तुमचं काम तर तुम्ही सभासदाच्याच गळ्यात घातलंत आणि वर त्याला सेवा म्हणताय! 'मुदत संपतेय, पैसे भरा' ही वसुली झाली.

तीन याद्या होत्या कारण तीन माणसं एकमेकांशी बोलत नव्हती. एक फाइल, एक जबाबदार माणूस, महिन्यातून एकदा बँकेच्या खात्याशी ताळा. मी अकरा वर्षं असंच चालवलं. एकही राजीनामा पाकिटातून आला नाही.

बायनरी_बंडू

एक्सेलवर इतका विश्वास? मानवी जनुकांची अधिकृत नावं ठरवणाऱ्या समितीला २०२० मध्ये काही नावंच बदलावी लागली, कारण एक्सेल त्यांच्या तारखा करून टाकायचं. 'मार्च१' या जनुकाचं 'मार्चएफ१' झालं. शास्त्रज्ञांनी हात टेकले तिथे आपल्या खजिनदारांचं काय! त्याच वर्षी इंग्लंडमध्ये जुन्या एक्सेल फाइलमध्ये ओळी मावल्या नाहीत म्हणून कोविडचे १५,८४१ रुग्ण रोजच्या आकड्यांतून गळले.

सभासद यादीतले हाल वेगळे. शून्यानं सुरू होणारा नंबर टाकला की शून्य गायब. देवनागरी नावांची सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी फाइल) थेट डबल-क्लिक करून उघडली की बऱ्याचदा नावांच्या जागी नुसता चिन्हांचा कचरा. आणि कुणी तशीच सेव्ह केली, तर बसा पुन्हा टाइप करत.

खातेवही

जुन्या फाइलची मर्यादा ६५,५३६ ओळींची. नऊशे सभासदांना तिथे पोचायला बराच वेळ आहे हो. शून्याचं मात्र मान्य. मी तो रकाना 'टेक्स्ट' करून ठेवतो.

नुसती_सभासद

तुम्ही सगळे पदाधिकारी दिसताय. पैसे भरणाऱ्या बाजूनं मी बोलते.

मी दोन संघटनांची सभासद आहे, सॉफ्टवेअर दोन्हीकडे आहे. पहिलीकडून दर वाढदिवसाला शुभेच्छा येतात, एकदा तर 'प्रिय पहिले_नाव' अशा. पण एका प्रमाणपत्रासाठी विचारणा केली तर तीन आठवडे कुणाचं उत्तर नाही. पाठपुरावा केल्यावर कळलं की माझी मेल ज्या पत्त्यावर गेली, तो कुणी उघडतच नव्हतं.

दुसरीची गोष्ट वेगळी. घरच्या आजारपणामुळे मी दीड वर्ष एकाही कार्यक्रमाला गेले नव्हते. वर्गणी भरायची बाकी होती आणि खरं सांगायचं तर सोडायचंच ठरवलं होतं. एके दिवशी तिथल्या एका बाईंचा फोन आला. वर्गणीचा विषयच नाही. 'बऱ्याच दिवसांत दिसला नाहीत, सगळं ठीक ना?' मी कारण सांगितलं. त्या म्हणाल्या, आपल्या पोटनियमांत सभासदत्व वर्षभर स्थगित ठेवायची सोय आहे, ज्येष्ठता जात नाही, अर्ज मी पाठवते. मला हे माहीतच नव्हतं! आज मी तिथे आहे ती त्या एका फोनमुळे.

नंतर त्यांना विचारलं, माझी आठवण कशी झाली? म्हणाल्या, वर्षभर कुठेच न दिसलेल्यांची यादी सॉफ्टवेअर काढून देतं, आम्ही चौघी ती वाटून घेतो.

खातेवही

म्हणजे फोन माणसानंच केला.

माजी_कार्यवाह

पण कुणाला करायचा हे नऊशेंत सापडलं कसं? तुमच्या फाइलमध्ये वर्गणी आहे, हजेरी आहे का? सभासद एका दिवसात सोडून जात नाही. आधी कार्यक्रमांना यायचा थांबतो, मग मेल उघडायचा, आणि वर्गणी सर्वात शेवटी थांबते. निव्वळ खात्याकडे बघणाऱ्याला ते तेव्हा कळतं. आम्ही ही यादी काढायचो, कबूल करतो, पण फोन करायचो नाही. 'तुमची उणीव भासते' असा एक ठोकळेबाज मेल जायचा. चौघी वाटून घेतात, हे उत्तम.

बायनरी_बंडू

मेल उघडली की नाही यावर फार विसंबू नका. मेलमधलं चित्र उतरलं की सॉफ्टवेअर ती 'उघडली' धरतं. सप्टेंबर २०२१ पासून अ‍ॅपलच्या मेल अ‍ॅपमधली गोपनीयतेची सोय चालू असेल, तर मेलमधली चित्रं आधीच उतरवून घेतली जातात. माणसानं मेल पाहिलीही नसली तरी 'उघडली' असं दिसतं. हजेरी आणि लॉगिन जास्त खरं बोलतात.

कलम_पोटकलम

यादी वाटून घेतात हे ऐकून माझ्या पोटात गोळा आला. कुणी किती दिवसांत आलं नाही, घरी आजारपण आहे, हे कुठल्या रकान्यात लिहिलं गेलं आणि तो कोण कोण वाचू शकतं?

२०२० मध्ये ब्लॅकबॉड या कंपनीच्या यंत्रणेत हल्लेखोर फेब्रुवारीपासून मेपर्यंत होते. सेवाभावी संस्था आणि विद्यापीठांच्या देणगीदारांची माहिती ठेवणारी ही मोठी कंपनी. जुलैत जाहीर करताना म्हणाले, बँक खात्यांच्या माहितीला हात लागलेला नाही. नंतर तसं नव्हतं असं निघालं, आणि २०२३ मध्ये अमेरिकेच्या बाजार नियामकाशी ३० लाख डॉलर दंडावर तडजोड करावी लागली. ही मोठ्यांची गत.

जी माहिती लागत नाही ती गोळाच करू नका. जन्मतारीख कशाला? त्या 'प्रिय पहिले_नाव' साठी? खजिनदाराला पैशांचं दिसावं, कार्यक्रम समितीला हजेरीचं. सगळ्यांना सगळं नको. आणि करार करण्याआधी विचारा, सोडून जाताना आमची माहिती कशी देणार? आमच्या जुन्या पुरवठादारानं नावं आणि फोन फाइलमध्ये दिले, वर्गणीचा आठ वर्षांचा इतिहास मात्र पीडीएफमध्ये. दोन उन्हाळे टाइप करण्यात गेले.

बायनरी_बंडू

मग मुक्त स्रोत घ्या, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो असं. सिव्हीसीआरएम हे संस्थांसाठीचं सभासद-सॉफ्टवेअर २००५ पासून आहे, वर्डप्रेस किंवा ड्रुपल या वेबसाइट चालवणाऱ्या यंत्रणांबरोबर चालतं, विदा (डेटा) तुमच्याच सर्व्हरवर.

कलम_पोटकलम

आणि ते बसवून देणारा उत्साही मुलगा नोकरीनिमित्त निघून गेला की अद्ययावत कोण करणार? तुम्ही?

बायनरी_बंडू

…पास.

एक_मुलगा

फारसा लिहीत नाही, पण राहवलं नाही.

माझे वडील एका संघटनेचे चाळीस वर्षं सभासद होते. ते गेल्यावर मी कार्यालयात फोन करून कळवलं. 'नोंद केली' म्हणाले. सात महिन्यांनी वडिलांच्या मेलवर आलं: 'आपले सभासदत्व संपले आहे. आम्हाला तुमची उणीव भासते.' आई रोज ती मेल बघते. पुढच्या महिन्यात तेच परत आलं.

खातेवही

वाईट वाटलं. आमच्या वहीत अशा नावाखाली लाल रेघ आणि तारीख असायची, आणि घरी कुणीतरी जाऊन यायचं. वहीची बढाई मारत नाही, पण लाल रेघेवरून चुकून पत्र जात नव्हतं.

माजी_कार्यवाह

हे माझ्या संघटनेतही झालं असेल, अशी शंका येऊन आत्ताच पाहिलं. आमच्याकडे दोनच अवस्था आहेत, 'सक्रिय' आणि 'निष्क्रिय'. वर्गणी बुडवलेला, राजीनामा दिलेला आणि गेलेला माणूस, तिघेही 'निष्क्रिय', आणि तिघांनाही तोच मेल. सहा वर्षं हे माझ्या नजरेसमोर होतं. नवीन अवस्था करायला दहा मिनिटंही लागत नाहीत. करतोय.

नुसती_सभासद

आणि कुणी गेल्याचा फोन आला की तो रकाना भरणार कोण, तेही ठरवा.

माजी_कार्यवाह

ठरेपर्यंत मीच भरेन. माझं लॉगिन अजून चालू आहे.

कलम_पोटकलम

म्हणजे पद सोडलेल्या कार्यवाहांना आजही नऊशे सभासदांचं सगळं दिसतंय! साहेब, आधी ते बंद करून घ्या.